झोपेत उगारलेला हात

११ नोव्हेंबर

बुरुलचा डावा डोळा काळानिळा झाला आहे. ते मी केलं.

एवढं एक वाक्य बोलायला मला अख्ख्या नारीनमध्ये माणूस सापडला नाही, म्हणून लिहून काढतोय. मी, शार्शेन तामादा, म्हणजे समारंभ बोलून रंगवणारा! या गावातली निम्मी लग्नं माझ्या तोंडाने पार पडली. जेवणावळ कुणाचीही असो, माइक माझ्या हातात. रुसलेल्या व्याह्यांना हसवायचं, लाजऱ्या काकांना उठवून चार शब्द बोलायला लावायचं, हेच मी जन्मभर केलं. आणि आज माझीच जीभ टाळ्याला चिकटली आहे.

झालं ते असं. स्वप्नात आम्ही वरच्या कुरणात होतो, उन्हाळ्यातल्या तंबूपाशी. बुरुल घोडीची धार काढत होती आणि तिच्या मागून लांडगा येत होता. मी धावलो आणि सगळी ताकद लावून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. जाग आली तेव्हा दिवा लागलेला होता. बुरुल भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिने हाताने डोळा झाकला होता.

"लांडगा गेला का?" असं मी विचारलं म्हणे.

"गेला. झोपा आता," ती म्हणाली.

आणि मी झोपलोसुद्धा. सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

१३ नोव्हेंबर

तशी ही पहिली वेळ नाही. वसंतापासून मी झोपेत ओरडतो, लाथा झाडतो. उन्हाळ्यात उशाशी ठेवलेला दिवा भिरकावून दिला होता. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. सकाळी चहा ओतताना बुरुल विचारायची, "काल कुणाशी कुस्ती होती?" आणि मी रंगवून सांगायचो. गंमत अशी की स्वप्नात मी नेहमी तिलाच वाचवत असतो. कधी लांडगा असतो, कधी उधळलेला घोडा, कधी चोर. जागेपणी मी उभ्या आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. शाळेतसुद्धा मी मार खाणाऱ्यांतला होतो.

आज माझं अंथरूण सआदतच्या खोलीत हलवलं. सआदत म्हणजे आमची मुलगी. ती मॉस्कोला असते, खोली रिकामीच आहे. बुरुल दारात उभी राहून बघत होती.

"एवढं काय झालंय? मी मध्ये उशा लावून झोपेन की."

"आणि परत मारलं तर?"

"तर परत डोळा झाकेन."

मला तिच्याकडे बघवेना. सआदतची खाट लहान आहे, पाय बाहेर येतात. लग्न झाल्यापासून एका घरात असून आम्ही दोन खोल्यांत कधी झोपलो नव्हतो. रात्री भिंतीपलीकडून तिचं खोकणं ऐकलं. पाणी नेऊन द्यावं असं वाटलं, पण गेलो नाही.

१६ नोव्हेंबर

शेजारच्या तुर्सुन एजेची, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या ताईची, आणि आमची भिंत एकच, आणि तीही पापडासारखी. तिला काय ऐकू जात असेल ते आज माझ्या डोक्यात आलं. आधी माझा आवाज, "सोड तिला! जीव घेईन!" मग बुरुलची किंकाळी. आणि सकाळी बुरुलचा डोळा.

एजेने बुरुलला विचारलं, तेव्हा बुरुल म्हणाली, कपाटाचं दार लागलं. तसं सांग म्हणून मीच बजावलं होतं. दुसरं काय सांगणार? नवरा झोपेत वेडापिसा होतो? वेड्याच्या हातात कोण माइक देईल?

पण बाई कपाटाचं दार म्हणाली की बाकीच्या बायकांना काय कळायचं ते कळतंच. आज पावाच्या दुकानात मी तुर्सुन एजेला सलाम केला, तर तिने पावाशीच बोलणं चालू ठेवलं.

२१ नोव्हेंबर

बुरुलचा धाकटा भाऊ कादीर आला होता. बूट काढले, कोट काढला नाही. चहाला शिवला नाही.

"दाजी, एक विचारतो, सरळ सांगा. माझ्या बहिणीवर हात टाकलात?"

मी तोंड उघडायच्या आत बुरुल म्हणाली, "झोपेत लागला त्यांचा हात. स्वप्न पडलं होतं त्यांना."

"ताई, तू गप्प बस. म्हणे स्वप्न! आमच्या गल्लीतले दारुडेसुद्धा याहून बरी थाप मारतात."

"मी पीत नाही, कादीर. तुला माहीत आहे," मी म्हटलं.

"तेच तर! पिऊन मारलं असतं तर निदान समजून घेतलं असतं."

जाताना त्याने तिला विचारलं, "चलतेस?"

"कुठे? पीठ भिजवून ठेवलंय मी," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "गेली असतीस तरी मी काही म्हटलं नसतं." ती पीठ असं आपटत होती की तुर्सुन एजेला आज वेगळंच वाटलं असणार.

२ डिसेंबर

तुर्सुन एजेचा नातू मार्चमध्ये चालायला लागेल. पहिली पावलं टाकणाऱ्या बाळाच्या पायांना बांधलेली दोरी कापतात, ती जेवणावळ मीच चालवायची, असं तिने तो पाळण्यात असतानाच ठरवून ठेवलं होतं. आज तिच्या सुनेने जिन्यात गाठून, थोरल्या भावाला म्हणतात तसं बाइके म्हणत सांगितलं, "बाइके, कोचकोरहून एक तरुण तामादा बोलावलाय. गाणीबिणीही तोच लावतो."

"छान, छान," मी म्हटलं.

"तुम्ही जेवायला या हां."

छान म्हटलं त्याच तोंडाने मी हसलो. हल्ली लोक मला बोलावत नाहीत याला दुसरंही कारण असेल. ऑक्टोबरमधल्या एका लग्नात मागची टेबलं सारखी ओरडत होती, "मोठ्याने! मोठ्याने!" त्या हॉलचा माइक मेलेला आहे, मी मालकाला कितीदा सांगितलं.

१४ डिसेंबर

आता मी झोपतच नाही. झोपलो तर लांडगा येणार. खुर्चीत बसून काळा चहा पितो आणि रस्त्यावरचा बर्फ बघतो. दिवसा डोळे भगभगतात. काल दूध उतू जाऊन पार करपलं, मी शेजारीच बसलो होतो, मला वाससुद्धा आला नाही. बुरुल धावत आली. भांडं आपटलं आणि एकदम रडायला लागली.

"एका भांड्यासाठी रडतेस?"

"भांड्यासाठी नाही! या घरात दोन माणसं राहतात आणि मी एकटीच जेवते, एकटीच झोपते. तुम्ही तिथे राखणदारासारखे बसून असता. कुणाची राखण करता?"

"तुझी."

"माझ्यापासून लांब बसून?"

मग ती म्हणाली, दवाखान्यात झिबेक नावाची डॉक्टर आली आहे, मनाचे आणि झोपेचे आजार बघते. मी म्हटलं, मी काही वेडा नाही. ती म्हणाली, "मग तिच्याच तोंडून ऐकून या."

१९ डिसेंबर

मनाच्या डॉक्टरची खोली व्हरांड्याच्या अगदी टोकाला, दाताच्या डॉक्टरच्या समोर. बाकावर डाकघरातला ओळखीचा माणूस गाल धरून बसला होता. "बाइके, तुम्हालाही दात?" मी गाल धरला आणि मान हलवली. बुरुलने माझ्याकडे असं पाहिलं की खरंच दात दुखायला लागला.

डॉक्टर झिबेक सआदतच्या वयाची आहे. खोली गार होती, तिने अंगावर शाल घेतली होती. मला वाटलं बालपण विचारेल, आईबाप विचारेल. तिने बुरुलला विचारलं, "ते झोपेत नेमकं काय करतात?" बुरुल उठून उभी राहिली आणि करून दाखवायला लागली. हवेत ठोसे मारले, लाथ झाडली, माझ्या आवाजात ओरडली. डॉक्टरला हसू आवरेना, मलाही. मग शेवटचा ठोसा दाखवताना बुरुलचा हात मध्येच थांबला आणि ती खाली बसली.

डॉक्टरने सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. स्वप्न पडतं तेव्हा शरीर बांधून ठेवलेलं असतं, म्हणून माणूस स्वप्नात धावला तरी अंथरुणातच राहतो. माझी ती गाठ सैल झाली आहे. स्वप्नात जे करतो ते शरीरही करतं. "हा राग नाही, वेड नाही आणि तुमच्या मनात बायकोबद्दल काही दडलेलंही नाही," ती म्हणाली.

हे शेवटचं तिने आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. रोज रात्री खुर्चीत बसून मी स्वतःला तेच विचारत होतो.

"माझं नाव कुठे कळवणार का?" मी विचारलं.

"नाव माझ्या कपाटात राहील, बाइके. बाजारात जाणार नाही."

मग तिने भलतेच प्रश्न विचारले. वास येतो का? पोट साफ होतं का? अक्षर बदललंय का? मला व्हरांड्यात चालायला लावलं आणि म्हणाली, "तुमचा उजवा हात चालताना हलत नाही." मी म्हटलं, "पोरी, त्या हातात जन्मभर माइक धरलाय. त्याला झुलायची सवयच नाही." ती हसली, पण थोडंसंच.

बाहेर येताना दातवाला अजून बसलेला होता. "काढला का?" त्याने विचारलं.

"मुळापासून," मी म्हटलं.

५ जानेवारी

सआदतचा फोन. चित्र दिसतं तो. "बाबा, तुम्ही रागावलात का माझ्यावर?" मी तर हसत होतो! म्हटलं, तुझ्या त्या फोनमध्ये माणूस नीट दिसत नाही. तिला डोळ्याचं काही सांगितलं नाही. बुरुल मागे उभी होती.

२३ जानेवारी

बिश्केकमध्ये एक रात्र काढली. झोपेची तपासणी. बुरुलला बरं नव्हतं, म्हणून एकटाच गेलो. घाटात बर्फ होता, गाडी रेंगाळली. तिथे एका मुलीने डोक्याला, हनुवटीला, पोटऱ्यांना गोंदाने तारा चिकटवल्या. आरशात बघितलं तर एखाद्या तुटक्या रेडिओसारखा दिसत होतो. ती म्हणाली, "मी शेजारच्या खोलीत आहे, तुम्ही मला दिसता. काही लागलं तर हाक मारा."

मला वाटलं होतं, झोप येणार नाही. पण कुणीतरी आपल्याकडे बघत जागं आहे, या विचाराने किती महिन्यांत आली नव्हती तशी झोप लागली. लिहायला लाज वाटते, पण तारा काढताना मला त्या मुलीला आणखी एक रात्र राहू दे म्हणून विचारावंसं वाटलं.

"रात्री तुम्ही भाषण केलंत," ती म्हणाली.

"कसलं?"

"लग्नाचं. नवरीला खूप छान आशीर्वाद दिलेत. मग वऱ्हाड्यांना लाथा घातल्यात."

९ फेब्रुवारी

डॉक्टर झिबेकने कागद वाचले. तिचा अंदाज खरा निघाला. झोपायच्या आधी घ्यायची गोळी दिली आहे. उशाशी जड वस्तू नको, खाट खिडकीपासून लांब. आणखी काही दिवस वेगळंच झोपायचं.

मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "बाइके, हा त्रास असलेल्या बऱ्याच जणांना पुढे, काही वर्षांनी, हातापायांचा आजार जडतो. हालचाल मंदावते, आवाज बसतो. सगळ्यांनाच होतं असं नाही. पण मला तुमच्यावर लक्ष ठेवायचंय. वर्षातून दोनदा या. अक्षरही बघेन."

मी म्हटलं, "माझे हातपाय ठणठणीत आहेत. अक्षर बारीक झालंय ते वही पुरावी म्हणून." एवढ्या लांबच्या गावात पोरीला बोलायला कुणी मिळत नसेल, म्हणून बोलावत असेल. येईन म्हटलं.

बुरुल आत थांबली, मला बाहेर बसायला सांगितलं. बराच वेळ बसलो. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. म्हणाली, त्या खोलीत हीटर डोळ्यावर येतो. माझ्या वेळी तर हीटर बंद होता.

२७ फेब्रुवारी

गोळीने गुण आला. लांडगा येतो, पण लांबूनच बघून जातो. मी झोपतो.

बुरुलला मात्र नवंच खूळ लागलंय. रोज सकाळी मला नदीकाठी फिरायला नेते आणि सैन्यातल्या हवालदारासारखी ओरडते, "हात हलवा! पावलं लांब टाका! मोठ्याने बोला!" काल कोटाची बटणं लावताना मला वेळ लागत होता, तर येऊन तिनेच लावली. मी म्हटलं, "मी काय बाळ आहे?" ती म्हणाली, "गप्प उभे राहा." तिने मला माफ केलं असावं.

पण गावाने केलेलं नाही. काल येत्या वसंताच्या सणाची चर्चा करत चौकात माणसं उभी होती. मी जवळ गेलो आणि प्रत्येकाला एकेक काम आठवलं. घरी येऊन बुरुलला म्हटलं, "त्यांना वाटतं मी बायको बडवणारा आहे."

"मग सांगू या खरं."

"खरं सांगून काय? आधी बायको मारणारा होतो, मग वेडा होईन. निवड कर."

"तुम्ही निवडलंत ना. मला कुठे विचारलंत? बाजारात बायका माझा हात हातात घेऊन च्यक् च्यक् करतात. तुमच्यासाठी मी ती कीव रोज गिळते."

हे मला आजवर सुचलंच नव्हतं. मी माझी अब्रू मोजत बसलो होतो, आणि बाजारात तीच एकटी जात होती.

२५ मार्च

तुर्सुन एजेच्या नातवाची जेवणावळ आज झाली. आम्हाला दाराजवळचं टेबल. आमच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. कोचकोरचा तामादा काळा चष्मा लावून हॉलमध्ये नाचत होता. पोरं धावली, जिंकलेल्या पोराने बाळाच्या पायांची काळी-पांढरी दोरी कापली. बाळ तीन पावलं चाललं आणि बसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

मग कुटुंबागणिक शुभेच्छा. आमची पाळी आली, तर तो तामादा आम्हाला गाळून पुढे गेला. त्याला सांगून ठेवलं असणार. तेवढ्यात बुरुल उठली. मी तिची बाही धरली, ती सोडवून घेतली. थेट पुढे जाऊन तिने त्या तामादाच्या हातातून माइक घेतला.

"मी बुरुल. आमच्या घरात माइक हेच धरतात, मला त्याची सवय नाही. बाळाला शुभेच्छा देणारच आहे, आधी एक सांगते. माझा डोळा कपाटाने काळा केला नव्हता. यांनी केला. झोपेत. मला लांडग्यापासून वाचवत होते. तो एक आजार आहे. त्यासाठी हे मनाच्या डॉक्टरकडे जातात आणि मी सोबत जाते. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसा, म्हणजे कोण हसलं ते मला दिसेल."

मला टेबलाखाली जावंसं वाटलं.

तुर्सुन एजे उभी राहिली. "म्हणजे भिंतीतून ते जे यायचं, सोड तिला, जीव घेईन..."

"ते लांडग्याला."

"अगं बाई! आणि मी इकडे लाटणं घेऊन उभी राहायचे!"

पहिल्यांदा एक म्हातारा हसला, मग बायका, मग सगळा हॉल. ते हसणं वाईट नव्हतं. हसण्याची पारख मला आहे. कादीर आपलं ताट घेऊन आला आणि माझ्या बाजूच्या खुर्चीत बसला. त्याच्या ताटातला मांसाचा चांगला तुकडा माझ्या ताटात ठेवला. डाकघरातला माणूस मात्र लांबून ओरडला, "म्हणजे बाइके, दात अजून आहे?"

तुर्सुन एजेने बाळ माझ्यापुढे आणलं. "शार्शेन, आशीर्वाद तूच दे." मी उभा राहिलो. किती महिन्यांनी! मनात शब्द दाटून आले. "पोरा, तुझी वाट सरळ असो," मी म्हटलं. मागून आवाज आला, "ऐकू येत नाही!" इथलाही माइक मेलेला. तेव्हा बुरुल माझ्या शेजारी उभी राहिली आणि मी म्हणेन ते वाक्य आपल्या खणखणीत आवाजात पुन्हा म्हणायला लागली. "तुझ्या पायाखाली दगड न येवो," मी म्हटलं. "तुझ्या पायाखाली दगड न येवो!" ती म्हणाली. शेवटच्या टेबलापर्यंत लोक ऐकत होते. एकदा हातात आलेला माइक तिला काही सोडवेना, असं मला वाटलं. पण शेवटी तिचा आवाज चिरकला आणि बाळाचे पाय तिने किती तरी वेळ धरून ठेवले. बायकांना लहान मुलं बघून असं होतं.

८ एप्रिल

डॉक्टरने परवानगी दिली. एका खोलीत, पण दोन खाटा, आणि मध्ये अंतर. कादीरने सआदतची खाट उचलून आत आणून दिली. त्या लहान खाटेवर बुरुल झोपली, मोठी मला दिली. पडल्यावर तिने मधल्या अंतरातून हात पुढे केला.

"डॉक्टरने नको सांगितलंय," मी म्हटलं.

"झोप लागेपर्यंत धरा. लागली की मी सोडेन."

गोळी घेतली होती, लगेच झोप लागली असणार. तिने हात केव्हा सोडला ते मला आठवत नाही.